अंगणातल्या कोंबडीचे खाणे : किती, केव्हा आणि काय?

भाईंदर, खास प्रतिनिधी

मीरा-भाईंदरला २००२ मध्ये महापालिकेचा दर्जा मिळाला आणि शहर पाहता पाहता इमारतींनी भरून गेले. तरीही पश्चिमेला राई, मुर्धा, मोर्वा आणि त्यापुढे डोंगरी, उत्तनपर्यंत गावठाणे टिकून आहेत. आगरी, कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या या वस्त्यांत परसातली कोंबडी ही नवलाची गोष्ट नाही. बदलले आहे ते परस. जिथे गवत, किडामुंगी आणि सांडलेले भात वेचून कोंबडी पोट भरत असे, तिथे आता फरशी किंवा काँक्रीट आले. साहजिकच तिचे सारे खाणे मालकाच्या हाती आले आणि ते किती द्यावे, हा प्रश्नही.

पुस्तकी उत्तर सोपे आहे. अंड्यावर असलेली मध्यम वजनाची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम संतुलित खाद्य खाते. लहान चणीच्या देशी कोंबडीला त्याहून कमी पुरते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘वनराजा’, ‘ग्रामप्रिया’ या जाती परसासाठीच आहेत. मोकळे हिंडून चरायला मिळाले तर त्यांना वरून ३० ते ५० ग्रॅम खाद्यही भागते. मात्र हा हिशेब मातीच्या परसाचा आहे. फरशीवरच्या कोंबडीला तो लावला तर ती उपाशी राहील.

प्रत्यक्षात शहरी घरांत उपासमार क्वचित होते; होते ते उलटेच. सकाळी पावाचा चुरा, दुपारी उरलेला भात, संध्याकाळी मूठ-दोन मुठी कणी, शिवाय मुलांनी हौसेने टाकलेली पोळी! कोंबडी मुख्यतः ऊर्जेच्या गरजेनुसार खाते. भाताने ती गरज भागली की ती महागाच्या खाद्याकडे पाठ फिरवते. पोट भरते, पण प्रथिने आणि कॅल्शियमची बाकी तशीच राहते. ११० ग्रॅम लेयर खाद्यात सुमारे साडेतीन टक्के, म्हणजे ३.८५ ग्रॅम कॅल्शियम असते. त्यातल्या ५० ग्रॅमची जागा कणीने घेतली तर ते जेमतेम २.१ ग्रॅम उरते. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते आणि खाल्लेल्यापैकी साधारण निम्मेच अंगी लागते. उरलेली तूट कोंबडी स्वतःच्या हाडांतून भरून काढते. पातळ कवचाची, बिनकवचाची अंडी आणि पायांतला अशक्तपणा यांचे मूळ अनेकदा इथे असते. दुसरीकडे पोटात चरबी साचते, यकृत सुटते, अंडे अडकण्याचा धोका वाढतो.

तेव्हा आवर घालायचा तो खाद्याला नव्हे, वरच्या खाऊला. सकाळी आधी लेयर खाद्य द्यावे. उरलेसुरले अन्न दुपारनंतर, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढेच. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून ते जास्त नसावे. चार कोंबड्यांत मिळून साधारण एक मूठ कणी. खारट, तळलेले पदार्थ टाळावेत. उत्तनच्या किनाऱ्यावर वाळणारे बोंबील आणि सुकट हे उत्तम प्रथिन, पण मीठ लावलेली मासळी कोंबड्यांना घालू नये, आणि बिनमिठाचीही जास्त झाली तर अंड्याला वास येतो. शिंपल्यांचा मात्र येथील रहिवाशांना सोयीचा लाभ आहे. स्वच्छ धुऊन, वाळवून, भरड कुटून त्या वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. कवच मुख्यत्वे रात्री घडते, म्हणून संध्याकाळी त्या समोर असणे फायद्याचे. तलंगांना मात्र पहिले अंडे येईपर्यंत लेयर खाद्य देऊ नये. जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते.

कोंबडी लठ्ठ की रोड, हे डोळ्यांनी कळत नाही, पिसे फसवतात. रात्री खुराड्यात ती शांत असताना छातीचे मधले हाड चाचपावे. हाड सुरीसारखे टोचले तर ती कमी पडते आहे, मांसात बुडून लागेनासे झाले तर जास्त.

खाणे अचानक घटले म्हणजे आजारच, असे नव्हे. खुडूक कोंबडी दिवसभरात जेमतेम एकदा उठून खाते. पारा ३२ अंशांपुढे गेला की सगळ्याच कमी खातात. अशा वेळी दाण्याचे आमिष दाखवण्यापेक्षा खाद्याची वेळ पहाटे आणि सूर्यास्ताआधी ठेवावी, सावलीत गार पाणी भरपूर द्यावे. खाद्याच्या दुपटीहून अधिक पाणी उन्हाळ्यात सहज लागते. पिसे झडण्याच्या काळात अंडी थांबतात, पण प्रथिनांची गरज कायम असते. व्यावसायिक कुक्कुटपालनात अंड्यांचा नवा हंगाम लवकर यावा म्हणून कोंबड्यांना कित्येक दिवस उपाशी ठेवून पिसे झडवण्याची पद्धत होती. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ मध्ये ती बंद करण्यास सांगितले. घरच्या कोंबडीची चरबी उतरवायलाही उपवास हा मार्ग नाही; खाऊ बंद करावा, खाद्य चालू ठेवावे.

राहिला सांडलवंडीचा प्रश्न, आणि दाटीच्या वस्तीत तोच शेजाऱ्यांशी कलहाचे कारण ठरतो. शितं तिथे भुतं, तसे दाणे तिथे उंदीर; पावसाळ्यात उंदीर म्हणजे लेप्टोची धास्ती. कबुतरे आणि कावळेही येतात. २००६ मध्ये नवापूरला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातच शहापूर तालुक्यातील वेहळोलीला बर्ड फ्लू आढळला होता, हे ध्यानात घेता बाहेरच्या पक्ष्यांनी खाद्याच्या भांड्यात चोच घालणे परवडणारे नाही. भांडे अर्ध्याहून जास्त भरू नये, त्याची कड कोंबडीच्या पाठीइतकी उंच असावी आणि अंधार पडताच ते उचलून घ्यावे. रात्री कोंबडी खातच नाही.

मोजमापाची सोपी रीत अशी : चार कोंबड्यांना आठवड्याला तीन किलोच्या आसपास खाद्य लागते. तेवढेच एका डब्यात वेगळे काढावे. पाचव्या दिवशीच तळ दिसला तर सांडते आहे किंवा उंदीर खात आहेत. दहा दिवस पुरले तर वरचा खाऊ जास्त होतो आहे. जून ते सप्टेंबर दमट हवेत मका आणि शेंगदाणा पेंडीला बुरशी लवकर धरते आणि तिचे विष यकृतावर घाला घालते. त्या चार महिन्यांत एका वेळी सहा किलोंहून अधिक खाद्य घरात आणू नये. कुबट वास आलेले खाद्य वाळवूनही कामाचे नसते, ते फेकूनच द्यावे.