लुगड्यातून गोधडी

परभणीहून मनमाडकडे निघालं की मानवत रोडच्या अलीकडे पेडगाव नावाचं लहानसं स्टेशन लागतं. म्हणीतली माणसं वेड पांघरून ज्या पेडगावला जातात ते हे नव्हे. ते भीमेकाठी, श्रीगोंदा तालुक्यात. परभणीचं पेडगाव काळ्या जमिनीच्या, कापूस-ज्वारीच्या मुलखातलं. या मुलखात उन्हाळा जितका कडक तितकीच थंडीही. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी झाला की कृषी विद्यापीठातली नोंद राज्यभरच्या वर्तमानपत्रांत छापून येते. अशा थंडीत या भागातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतली ती गोधडी. जुनी माणसं तिला वाकळ म्हणतात. कर्नाटकाला लागून असलेल्या भागात तीच कौदी होते.

तिच्या कुळाचा मूळपुरुष कापूस. नांदेड-परभणी पट्ट्यात पिकणाऱ्या देशी कापसाला गावरानी म्हणत. त्याचं सूत निघे, सुताचं लुगडं होई, लुगडं पाच-सहा वर्षं अंगावर आणि धुण्याच्या दगडावर झिजे, आणि मग गोधडीचा जन्म होई. नवं कापड गोधडीला चालत नाही. त्यात खळ असते, ते ताठ असतं, सुई अडते आणि अंगाला टोचतं. शेकडो वेळा धुतलेलं सुती कापडच हवं तसं मऊ पडतं. म्हणजे गोधडीचं अर्धं काम ती शिवायला बसण्याआधी, नेसण्यातून आणि धुण्यातून झालेलं असतं. फक्त गरिबीपोटी चिंध्या जोडल्या, असं म्हणणाऱ्याने ही गोष्ट लक्षात घेतलेली नाही.

लुगड्याचं मापही गोधडीला नेमकं जुळतं. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब, पन्हा साधारण सव्वा वार. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक दोन मीटरचा. दोन-दोन तुकडे शेजारी जोडले की दोन चौकोनी पदर तयार होतात, एक खालचा आणि एक वरचा. एका लुगड्यात गोधडीच्या दोन्ही बाजू निघतात, आणि दोघांनी पांघरावी एवढी रुंदी मिळते. हे गणित कोणी मांडून ठेवलं नव्हतं, पण ज्या बाईने लुगडं नेसण्यात आयुष्य घालवलं तिच्या हाताला ते ठाऊक होतं. आतल्या थरांना मग काहीही चाले: विरलेलं धोतर, फाटका सदरा, परकराचा घेर, मुलांची झबली.

शिवायचा हंगाम फाल्गुन ते वैशाख. कापूस वेचून झालेला, ज्वारी घरात आलेली, पेरणी अजून लांब. सारवलेल्या ओसरीवर खालचा पदर ताणून अंथरायचा, चारही कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवायचा, त्यावर धडपी पसरायची. एकावर एक आली तर गाठोडं होतं, मध्ये जागा राहिली तर तिथे थंडी शिरते. म्हणून हाताने चाचपत थर सारखा करायचा. वर दुसरा पदर, कडा आत दुमडून कच्चा दोरा, आणि मग खरा धावदोरा. बहुतेकजणी काठापासून सुरू करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे येतात. दोघी-चौघी चार बाजूंनी बसल्या तर काम लवकर उरकतं. सरावलेल्या डोळ्याला उलट्या बाजूवरून कळतं की कोणत्या बाजूला कोण बसली होती, कारण प्रत्येकीचा टाका निराळा.

या टाक्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन मीटर लांब-रुंद गोधडी, दोन ओळींत दोन सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे सगळी मिळून दोनशे मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला तर वीस हजार टाके. अंतर कमी केलं की हा आकडा वाढत जातो. आणि एवढे टाके केवळ नक्षीसाठी नसतात. जीर्ण कापडाला ताण सोसत नाही. ओढ एकाच जागी आली की ते फाटतं. हजारो टाक्यांत ती ओढ वाटली जाते, म्हणून स्वतंत्रपणे हातात धरताच फाटेल असा तुकडा गोधडीत आणखी दहा वर्षं काढतो. एखादा दोरा तुटला तरी शेजारची ओळ थर सरकू देत नाही. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. रजईला पिंजारी लागतो, नवा कापूस लागतो, खोळ लागते, म्हणजे पैसा लागतो. धनगराच्या घोंगडीला लोकर आणि माग लागतो. गोधडीला सुई-दोरा आणि वेळ एवढंच पुरतं.

ही युक्ती एकट्या महाराष्ट्राची नाही. संस्कृतात कंथा हा शब्द जुना आहे आणि बंगालची कांथा त्याच नावाने आजही शिवली जाते. बिहारात सुजनी आहे, सिंध-राजस्थानात रल्ली, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी आहे. टाकलेल्या चिंध्या जोडून चीवर करण्याची रीत बौद्ध भिक्षूंमध्ये होती. विनयपिटकात असं सांगितलं आहे की मगधातली बांध घातलेली भातखाचरं दाखवून बुद्धांनी आनंदाला त्या आखणीचं चीवर करायला सांगितलं. जपानच्या थंड उत्तर भागात शेतकरी बायका जुन्या कापडाचे थर याच धावदोऱ्याने जोडत, त्याला तिथे बोरो म्हणतात. जिथे कापड मोलाचं होतं आणि हात मोकळे होते, तिथे तिथे माणसाला हाच टाका सुचला, असं मला वाटतं. कोणी कोणाकडून उचलला हे शोधण्यात फारसा अर्थ नाही.

पण वाकळेची मराठी कथा सांगायची तर ती परभणी जिल्ह्यातूनच सांगितली पाहिजे. संत जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणी त्या पंढरपूरला दामाशेटींच्या घरी, म्हणजे नामदेवांच्या घरी, कामाला राहिल्या. नामदेवांचं मूळ गाव म्हणून मान असलेलं नरसी 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, मग हिंगोली वेगळा झाला. महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त जनाबाई आणि वाकळेची कथा आहे. विठ्ठल रात्री जनीच्या खोपटात आले, तिथेच झोपले, आणि काकडआरतीच्या घाईत आपला शेला आणि पदक तिथे विसरून जनीची वाकळ पांघरून देवळात परतले. पुजाऱ्यांनी दार उघडलं तर देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ, आणि पदक गायब. जनीवर चोरीचा आळ आला, तिला सुळावर द्यायला वाळवंटात नेलं, आणि सुळाचं पाणी झालं.

चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेत वस्तूचा इतिहास उरतो. अठराव्या शतकातल्या श्रोत्याला वाकळ म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. कोणाची वाकळ कोणती हे ओळखता येत होतं, नाहीतर कथाच उभी राहत नाही. आणि नामदेवांचं घर शिंप्याचं. शिंप्याच्या घरातल्या कामकरी बाईच्या हाताशी कातरणं असणार, सुई असणार, असा माझा तर्क आहे. परंपरेने वाकळ जनाबाईंच्याच अंगावर घातली याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

पुढेही मराठी माणसाने संतपणाची खूण म्हणून हेच वस्त्र ओळखलं. कर्जतचं ग्रामदैवत गोदड महाराज. 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा चिंध्यांचा वेश अंगावर घालून हिंडले आणि लोकांनी त्यांना गोधडे महाराज म्हटलं. 

गोधडीचं रूप पालटलं ते गिरण्यांमुळे. मुंबईत 1850 नंतरच्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या, आणि 1900 च्या सुमाराला निजामाच्या राज्यातून मनमाड ते हैदराबाद मीटरगेज लोहमार्ग झाला. पेडगाव त्याच मार्गावर. या भागातला कापूस गाठी बांधून गाडीने बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचं छापील कापड गाडीने आत आलं. लुगड्याच्या ठरावीक रंगांच्या जोडीला फुलाफुलांचं चीट, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, शाळेच्या गणवेशाचं खाकी गोधडीत दिसू लागलं. दोऱ्याचं रीळ दुकानात मिळू लागल्यावर काठातून दोरा उसवून काढायचं काम संपलं, टाका बारीक झाला. दुसऱ्या महायुद्धात कापडावर कंट्रोल आला तेव्हा ठिगळावर ठिगळ लागलं.

मोठा धक्का त्यानंतरचा. 1970 नंतर टेरिकॉट आणि नायलॉन गावोगाव पोचलं. हे कापड झिजत नाही, घाम शोषत नाही, शिवताना थरांत घसरतं. नऊवारीची पाचवारी झाली, तिचाही धागा सुती राहिला नाही. त्यातून शिवलेली गोधडी दिसायला झगमगीत, पण अंगाला चिकटते आणि थंडीत गार लागते. पुढे सोलापुरी चादर आणि मग गुबगुबीत ब्लँकेट बाजारातून सहज मिळू लागलं, आणि वैशाखातली ओसरी रिकामी झाली. 

ओसरी रिकामी झाली तशी शिवायची विद्याही ओसरली, कारण ती कुठे लिहिलेली नव्हती. दोन सुयांवरचं लोकरीचं विणकाम शाळेतून आणि मासिकांतून आपल्या घरी आलं. त्याचे नमुने छापले गेले, टाक्यांची संख्या लिहिली गेली, मैत्रिणींनी ती कात्रणं एकमेकींना दिली. गोधडीचा नमुना असा कागदावर फारसा उतरला नाही. तो माहेरून सासरी हातातून गेला, शेजारणीच्या ओसरीवर बसून शिकला गेला. दुपारी एकीने पोथी वाचायची, बाकीच्यांनी टाके घालत ऐकायचं, ही बैठक म्हणजे वाचन आणि शिवण या दोन्हींची शाळाच होती; वाचता न येणाऱ्या बाईलाही तिथे आख्यानं पाठ होत. पण हातातली विद्या हातांबरोबर जाते. नवरात्रात घट बसण्याआधी नदीवर गोधड्या धुवायला जाण्याची रीतही आता घरातल्या वॉशिंग मशीनपर्यंत आली आहे, आणि चार थरांची भिजलेली गोधडी त्या यंत्राला पेलत नाही.

शहरांत गोधडी पुन्हा विकत मिळते आहे, त्यातून बायकांच्या हाताला कामही मिळतं, ही चांगली गोष्ट आहे. शाळेच्या पुस्तकात कैलास दौंड यांची ‘गोधडी’ कविता मुलं वाचतात, तीही चांगली गोष्ट. मात्र नव्या कोऱ्या कापडाच्या ठिगळांची, मशीनवर शिवलेली गोधडी हे तिचं लांबचं नातं झालं. खरी गोधडी घरच्या जुन्या सुती कापडाची, आणि ते कापड अजून पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी आहे.

तेव्हा येत्या वैशाखात ती ट्रंक उघडा. आजीचं किंवा आईचं सुती लुगडं निघालं तर भांडीवालीला देऊ नका. गोधडी शिवलेली एखादी म्हातारी घरात किंवा गल्लीत असेल तर थर तिच्याकडून लावून घ्या आणि काठाची पहिली ओळ तिच्याच हातून घालून घ्या. बाकीच्या ओळी तुम्हाला जमतील. आणि शेवटी कोपऱ्यात, आत कोणाकोणाची लुगडी आहेत त्यांची नावं दोऱ्याने घालून ठेवा. बहुतेक गोधड्यांवर हीच एक गोष्ट लिहिलेली नाही.