धातूंचे नॅनोकण : आकारमान आणि पृष्ठीय प्रतिबल

घन पदार्थाचा पृष्ठभाग त्याच पातळीत किंचित ताणायचा असेल, तर दर एकक लांबीमागे जे बल लागते त्याला पृष्ठीय प्रतिबल म्हणतात. हे बल न्यूटन प्रति मीटर या एककात मोजतात. मोठ्या वस्तूवर त्याचा परिणाम जाणवत नाही. काही नॅनोमीटरच्या धातुकणाला मात्र ते चारही बाजूंनी आवळते.

असे का होते? सोन्याच्या स्फटिकात आतल्या प्रत्येक अणूला १२ निकटचे शेजारी असतात. पृष्ठभागावरील अणूचे काही शेजारी नाहीसे झालेले असतात, त्यामुळे उरलेल्यांच्या अधिक जवळ येण्याची त्याची ओढ असते. खालचे अणू ते होऊ देत नाहीत, म्हणून पृष्ठभाग ताणलेला राहतो.

द्रवाचा पृष्ठभाग वाढवला की आतले रेणू वर येऊन जागा भरतात. घन पदार्थात ताणल्यावर अणू तेवढेच राहतात, फक्त त्यांच्यातील अंतर वाढते. म्हणूनच घन पदार्थात पृष्ठीय ऊर्जा आणि पृष्ठीय प्रतिबल या दोन वेगळ्या राशी ठरतात. त्यांचा परस्परसंबंध शटलवर्थ यांनी १९५० साली मांडला.

आकारमानाचा परिणाम

गोल कणाच्या आतील जादा दाब = २ × पृष्ठीय प्रतिबल ÷ त्रिज्या. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की दाब दुप्पट होतो. मेझ, व्हर्माक आणि कुल्मान-विल्सडॉर्फ यांनी १९६८ साली इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने सोन्याच्या कणांचे आकुंचन मोजले. त्यावरून पृष्ठीय प्रतिबल सुमारे १.२ न्यूटन प्रति मीटर आले. हा आकडा सूत्रात घातला, तर ४ मिलिमीटर व्यासाच्या मण्यात जादा दाब वातावरणीय दाबाच्या जेमतेम एक टक्का भरतो. ४ नॅनोमीटरच्या कणात तोच दाब सुमारे १.२ गिगॅपास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ १२,००० पट होतो आणि अणूंमधील अंतर सुमारे ०.२ टक्क्याने घटते.

सूत्राची मर्यादा

हे सूत्र गुळगुळीत गोल आणि सर्वत्र सारखे प्रतिबल गृहीत धरते. खऱ्या कणाला सपाट पैलू, कडा आणि कोपरे असतात. कण २-३ नॅनोमीटरपेक्षा लहान झाला की कडा-कोपऱ्यांवरील अणूंचे प्रमाण वाढते आणि हिशेब डळमळतो. पृष्ठभागावर चिकटलेले वायू किंवा रेणूही प्रतिबल बदलतात, त्यामुळे कण कोणत्या परिस्थितीत मोजला हे महत्त्वाचे ठरते.

उपयोगाच्या दृष्टीने

इंधन घटात महागडे प्लॅटिनम उत्प्रेरक म्हणून वापरतात. ते ऑक्सिजनला गरजेपेक्षा थोडे घट्ट धरते. अणू किंचित जवळ आले की ही पकड सैल होऊन अभिक्रियेचा वेग वाढू शकतो. उलट, कडा आणि कोपरे ऑक्सिजनला आणखी घट्ट धरतात. म्हणून कण जितका लहान तितका चांगला, असे होत नाही. योग्य आकारमान शोधावे लागते.