बिभीषणाची साक्ष

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी होसकोटे येथे आम्हां चार-पाच मराठी कुटुंबांचा नेहमीचा मेळावा भरला होता. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत मोडणाऱ्या या मुलखात नोकरीनिमित्त येऊन पडलेली आम्ही मंडळी. महिन्यातून एकदा एकत्र जमावे, पोहे-चहा व्हावा आणि वर्तमानपत्रांतील बातम्यांवर यथेच्छ वाद घालावा, एवढाच आमचा उद्योग. त्या दिवशी वाद निघाला तो अमेरिकेतील सायंटॉलॉजी या पंथाविषयी. एल. रॉन हबर्ड या लेखकाने १९५० साली 'डायनेटिक्स' नावाचे पुस्तक लिहिले आणि १९५४ साली त्याच्या विचारांवर आधारलेले चर्च लॉस एंजेलिस येथे स्थापन झाले. तो पंथ सोडून आलेल्या अनेकांनी पुढे त्याविरुद्ध लिहिले व बोलले. लीआ रेमिनी ही अभिनेत्री २०१३ साली बाहेर पडली आणि २०१६ पासून तिने आपल्यासारख्याच इतरांच्या हकीकती दूरचित्रवाणीवर मांडल्या. पंथावर टीका करणाऱ्याशी आई-बापांनी, मुलाबाळांनीही संबंध तोडावेत असा दंडक आहे, ही त्यांची मुख्य तक्रार. उलट संस्थेचे म्हणणे असे की, संबंध ठेवणे न ठेवणे हा ज्याच्या त्याच्या खुषीचा प्रश्न असून ही सारी मंडळी आकसाने बोलत आहेत.

हे ऐकून आमच्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "अहो, सोडून गेलेला माणूस बरे कसे बोलेल? घरभेद्याचे बोलणे ते. त्यावर विश्वास कोणी ठेवायचा?" सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. परंतु घरी आल्यावर ते वाक्य मनात घोळत राहिले. कारण तोच प्रश्न एकदा समुद्रकिनारी, लंकेच्या अलीकडे, पडला होता. बिभीषण रावणाला सोडून रामाकडे आला तेव्हा सुग्रीवाने त्याच्यावर विश्वास ठेवू नये असे सांगितले; हनुमंताने त्याला आश्रय द्यावा असा सल्ला दिला. सुग्रीवाची शंका काही मूर्खपणाची नव्हती. बिभीषणाला पुढे लंकेचे राज्य मिळालेच. म्हणजे त्याचा स्वार्थ होता असे कोणी म्हणाला तर त्याचे तोंड धरता येणार नाही. आणि तरीही त्याने सांगितलेले खोटे नव्हते.

हाच प्रश्न आपल्या मुंबईत १८६२ साली न्यायासनासमोर आला. तो खटला 'महाराज लायबल केस' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचा नायक गुजराती असला, तरी ज्या साक्षींनी तो खटला उभा राहिला त्यांत आपल्या भाऊ दाजींचीही साक्ष होती. तेव्हा त्याची हकीकत आपल्या वाचकांना परकी वाटण्याचे कारण नाही.

करसनदास मुळजी हा १८३२ साली जन्मलेला कपोळ वाणी समाजातील तरुण. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेला. विधवाविवाहाच्या बाजूने निबंध लिहिला एवढ्या अपराधाबद्दल ज्या आप्तांकडे तो राहत असे त्यांनी त्याला घराबाहेर काढले. पुढे १८५५ साली त्याने 'सत्यप्रकाश' नावाचे गुजराती साप्ताहिक काढले. त्याचे घराणे वल्लभसंप्रदायी, म्हणजे पुष्टिमार्गी वैष्णव. मुंबईतील भाटिया, वाणी इत्यादी धनाढ्य व्यापारी समाजांवर या संप्रदायाच्या गुरूंचे, म्हणजे महाराजांचे, विलक्षण वर्चस्व होते. १८५८ च्या सुमारास एका महाराजांस न्यायालयात यावे लागण्याचा प्रसंग आला, तेव्हा यापुढे कोणाही वैष्णवाने महाराजांना न्यायालयात खेचू नये व खेचल्यास त्याला वाळीत टाकावे, अशा आशयाच्या लेखावर शेठजींच्या सह्या घेण्यात आल्या. करसनदासांनी त्या लेखाला 'गुलामीखत' असे नाव दिले. ज्या कागदावर प्रतिष्ठितांनी निमूटपणे सह्या केल्या, त्याला त्याच समाजातील एका तरुण संपादकाने भर चौकात त्याचे खरे नाव द्यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१८६० साली 'सत्यप्रकाशा'त त्यांनी एक लेख लिहिला. हिंदूंचा मूळ धर्म कोणता आणि सांप्रत त्याच्या नावावर चाललेली पाखंडी मते कोणती, असा त्याचा विषय. त्यात सुरतेचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांचा नावानिशी उल्लेख करून, भाविकांच्या लेकीसुनांच्या शीलाला महाराजांकडून धक्का पोहोचतो असा स्पष्ट आरोप होता. महाराजांनी १४ मे १८६१ रोजी संपादक करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर ५०,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला.

आता खरी कसोटी आली. आरोप सिद्ध करावयाचा तर साक्षीदार हवेत. आणि जे पाहिलेले सांगू शकतील ते सारे आतले. बाहेरच्याला ठाऊक असते ती केवळ कुजबूज. पंथांच्या इतिहासात हा पेच पुनःपुन्हा येतो. जो आत आहे त्याला माहिती असते पण तो बोलत नाही. जो बाहेर आहे तो बोलतो पण त्याला माहिती नसते. आणि जो आतून बाहेर आला, त्याला माहितीही असते आणि तो बोलतोही, तर त्याला घरभेदी म्हणून बाद ठरविण्यात येते!

भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांना ही गोष्ट पुरती कळली होती. त्यांनी सभा भरवून असा ठराव केला की, महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकावे. करसनदासांनी या ठरावालाच आव्हान दिले. न्यायाच्या कामात अडथळा आणण्याचा हा कट आहे, अशी फिर्याद त्यांनी केली. मूळ दाव्याची सुनावणी होण्यापूर्वीच, १८६१ च्या अखेरीस, या 'भाटिया कटाच्या खटल्या'त पुढाऱ्यांना शिक्षा झाली. दोघां म्होरक्यांना प्रत्येकी १,००० रुपये आणि इतरांना प्रत्येकी ५०० रुपये दंड झाला. जातीपेक्षा साक्षीदाराचे संरक्षण मोठे, ही गोष्ट मुंबईत बहुधा प्रथमच इतक्या उघडपणे ठरली.

मूळ दावा २५ जानेवारी १८६२ रोजी चालू झाला. मुंबईचे उच्च न्यायालय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थापन झाले. हा दावा त्यापूर्वीच्या सुप्रीम कोर्टापुढचा. न्यायमूर्ती दोघे, मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ आर्नोल्ड. प्रतिवादीच्या बाजूने मथुरादास लवजी, लखमीदास खिमजी असे संप्रदायात वाढलेले भाटिया गृहस्थ उभे राहिले. त्यांनी ऐकीव गोष्टी सांगितल्या नाहीत; स्वतः पाहिलेले, स्वतःच्या समाजात घडलेले सांगितले. यांतील कित्येकांनी वैष्णव धर्म सोडलेला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. देवावरची श्रद्धा कायम ठेवून गुरूवरची श्रद्धा तेवढी त्यांनी काढून घेतली होती. धर्म सोडणे आणि धर्माच्या नावाने चाललेली सत्ता नाकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या साक्षीने प्रथम लोकांसमोर आले.

तथापि नुसत्या शब्दावर कोर्ट विसंबले नाही. डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांच्या साक्षी झाल्या आणि महाराजांच्या रोगासंबंधीचा वैद्यकीय पुरावा पुढे आला. भाऊ दाजी हे गोमंतकात जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील त्यांचे स्थान सर्वश्रुत आहे. त्यांना या भानगडीत पडण्याचे काही कारण नव्हते. त्यात लाभ तर मुळीच नव्हता. घरभेदी म्हणून त्यांची साक्ष बाजूला सारणे शक्य नव्हते. आतल्याचे म्हणणे आणि त्रयस्थाचे म्हणणे एकाच दिशेने जाते तेव्हा आकसाचा आक्षेप लंगडा पडतो.

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. तांत्रिक मुद्द्यावर वादीला ५ रुपये मिळाले, पण मुख्य मुद्द्यावर, म्हणजे आरोप खरे की खोटे या प्रश्नावर, करसनदास जिंकले आणि त्यांना ११,५०० रुपये खर्चापोटी मिळाले. नीतीच्या दृष्टीने जे अयोग्य ते धर्मशास्त्राच्या आधाराने योग्य ठरू शकत नाही, अशा आशयाचे आर्नोल्ड यांचे उद्गार पुढे सर्वत्र गाजले.

येथे एक गोष्ट नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. अलीकडच्या अभ्यासकांनी या खटल्याची दुसरी बाजूही दाखविली आहे. जुना ग्रंथ म्हणजे खरा धर्म आणि चालू रूढी म्हणजे भ्रष्टता, ही त्या काळच्या इंग्रज पंडितांची समजूत न्यायालयाने फारशी न तपासता उचलली. शिवाय ज्या स्त्रियांच्या नावाने हे सारे चालले, त्यांच्या तोंडचा शब्द या प्रकरणात जवळजवळ ऐकूच येत नाही. आतल्यांची साक्ष झाली खरी, परंतु ती आतल्या पुरुषांची. सर्वांत आतली साक्ष पडद्याआडच राहिली.

सोडून आलेला प्रत्येक जण करसनदास नसतो, हेही खरे. थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे १८७९ ते १८८२ मुंबईत होते व नंतर ते मद्रासजवळील अड्यार येथे गेले. मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांची कैरोपासूनची ओळखीची एमा कूलोम आणि तिचा नवरा ही दोघे १८८० पासून त्यांच्या आश्रयास होती. १८८४ च्या मे महिन्यात त्यांना अड्यारहून काढून टाकण्यात आले. सप्टेंबरमध्ये मद्रासच्या मिशनरी मासिकात बाईंची म्हणून काही पत्रे छापून आली आणि 'चमत्कारां'मागची लबाडी उघडकीस आल्याचा गवगवा झाला. रिचर्ड हॉजसन याने लंडनच्या संस्थेतर्फे चौकशी करून १८८५ साली बाईंविरुद्ध अहवाल दिला. पुढे एक शतकानंतर, १९८६ साली, व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने त्या चौकशीच्या पद्धतीवरच कडक टीका केली. येथे साक्षीदार दुखावलेले होते, त्यांचे हितसंबंध उघड होते. म्हणून वाद पत्रांच्या अस्सलपणावर येऊन थांबला, आणि तेच योग्य होते. परंतु त्याच वेळी दुसरी बाजूही पाहावी. दामोदर मावळणकर हा मराठी तरुण सोसायटीसाठी जात आणि वडिलार्जित संपत्ती सोडून आला होता आणि १८८५ साली तिबेटच्या वाटेने गेला तो परतलाच नाही. ज्याने सर्वस्व वाहिले त्याला शंका घेणे किती महाग पडले असते! सोडून जाणाऱ्याचा स्वार्थ आपण चटकन ओळखतो; आत राहणाऱ्याचाही स्वार्थ असू शकतो, हे आपण विसरतो.

आम्हां कचेरीतल्या माणसांना ही गोष्ट नवी वाटू नये. तक्रार करणारा माणूस नाराज आहे, एवढ्यावरून फाइल बंद होत नाही. तक्रारीला जोडलेला कागद काय सांगतो हे पाहावे लागते. आणि तक्रारदाराला धाकदपटशा होत असेल तर तीही गोष्ट टिपणीत यावी लागते. साक्षीदाराशी संस्था कशी वागते हा स्वतःच एक पुरावा होय.

म्हणूनच भाटियांचा ठराव मला त्या दाव्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याचे पुढचे पर्व तर अधिक विचारात टाकणारे आहे. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली, म्हणजे करसनदासांच्या निकालानंतर बरोबर शंभर वर्षांनी, बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. मुख्य न्यायाधीश सिन्हा यांचे मत मात्र विरुद्ध पडले. तो प्रश्न अद्याप मिटलेला नाही. २०२३ साली घटनापीठाने तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्याचे ठरविले. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून अमलात आहे. १८६१ चा भाटियांचा ठराव आज झाला असता, तर तो करणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती.

करसनदास १८६३ साली विलायतेस गेले. परत आल्यावर जातीने त्यांना वाळीत टाकले. जो न्यायालयात जिंकला तो घरी हरला. पुढे काठेवाडात संस्थानी कारभारात नोकरी करीत असता १८७१ साली, वयाची चाळिशीही गाठली नसता, ते लिमडी येथे वारले. संप्रदाय मात्र नष्ट झाला नाही. त्याची मंदिरे आजही भाविकांनी गजबजलेली असतात, आणि त्यांच्या भक्तीशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. परंतु जखम ओली आहे, हे २०२४ साली दिसले. या खटल्यावरील 'महाराज' नावाच्या चित्रपटाविरुद्ध काही वैष्णवांनी गुजरात उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रथम त्याला तात्पुरती मनाई झाली आणि न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिल्यानंतर २१ जून रोजी ती उठली. एकशे बासष्ट वर्षांपूर्वी पाच रुपयांत निकाली निघालेला दावा असा पुन्हा एकदा न्यायालयाच्या दारी आला.

पुढच्या महिन्यातील मेळाव्यात मी ही हकीकत सांगितली. ते वृद्ध गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हलकेच म्हणाले, "आमच्या आत्याला माहेरी येऊ देत नसत. ती काही सांगू पाहत होती. आम्ही लहान होतो. घरात सगळे म्हणत, तिचे ऐकू नका." त्यानंतर कोणी वाद घातला नाही. चहा निवून गेला होता. तो पुन्हा गरम करण्यासाठी कोणीतरी उठले.