इलेक्ट्रॉन-ग्रहण व अणुकेंद्राचे उत्तेजन

अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन केंद्रात ओढला जातो, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, न्यूट्रिनो निसटतो आणि नवे केंद्र कधी कधी उत्तेजित अवस्थेतच जन्माला येते. ही प्रक्रिया वऱ्हाडात पायाखाली अखंड चालू आहे. अमरावती-अकोल्याची काळी जमीन ज्या दख्खनी बेसाल्टपासून बनली त्यात पोटॅशियम आहे, ग्रॅनाइटच्या मानाने थोडे, पण आहे. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षांचे आहे. त्यातली ८९ टक्क्यांहून थोडी अधिक केंद्रे बीटा कण सोडून कॅल्शियम-४० होतात; उरलेली जवळजवळ सगळी, सुमारे १०.७ टक्के, इलेक्ट्रॉन ग्रहण करून आर्गॉन-४० होतात. हे आर्गॉन १,४६१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पातळीवर अवतरते आणि तेवढ्याच ऊर्जेचा गॅमा किरण टाकून मूळ पातळीला येते. एक ग्रॅम पोटॅशियममधून दर सेकंदाला असे सुमारे ३.३ किरण निघतात, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश या खताच्या ५० किलोच्या पोत्यातून ८० हजारांहून अधिक. शेतकऱ्याने त्याला भिण्याचे कारण नाही. हाच समस्थानिक प्रत्येकाच्या शरीरातही असतो.

येथे एक आक्षेप संभवतो. ऊर्जा तर मुळात पोटॅशियमच्या केंद्रातच साठलेली होती, इलेक्ट्रॉन निमित्तमात्र. मग ग्रहणामुळे केंद्र उत्तेजित झाले असे का म्हणावे? याचे उत्तर जमाखर्चात आहे. पोटॅशियम-४० आणि आर्गॉन-४० या संपूर्ण अणूंच्या वस्तुमानातला फरक १,५०४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरतो. नुसत्या केंद्रांची तुलना केली तर तो सुमारे ९९३ उरतो, आणि उत्तेजित पातळी आहे १,४६१ वर. एकट्या केंद्राला ती गाठताच येत नाही. तूट भरून निघते ती ग्रहण झालेल्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानातून, ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमधून. वरचे ४४ च्या आसपास मुख्यतः न्यूट्रिनो घेऊन जातो. पॉझिट्रॉन सोडून त्या पातळीवर जाण्याची वाटही याच हिशेबाने बंद आहे. तेव्हा इलेक्ट्रॉनला निमित्त म्हणणे चूक आहे. त्याच्या भांडवलाशिवाय हे उत्तेजन अशक्य आहे.

मात्र भांडवल असले म्हणून केंद्र उत्तेजित होईलच असे नाही. त्याचा दाखला पावसात आहे. विश्वकिरणांमुळे वातावरणात बेरिलियम-७ तयार होते आणि पावसाबरोबर खाली येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोयल, झा, देवेंद्र लाल, राधाकृष्ण आणि रामा यांनी पावसाच्या पाण्यातील बेरिलियमच्या समस्थानिकांवरचे आपले काम १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. बेरिलियम-७ सुद्धा इलेक्ट्रॉन ग्रहण करते आणि तेथेही ४७८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची उत्तेजित पातळी इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाविना आवाक्याबाहेर आहे. तरी त्यातून होणाऱ्या लिथियम-७ ची जेमतेम १० टक्के केंद्रे उत्तेजित जन्मतात. पोटॅशियममध्ये प्रमाण उलटे: ग्रहणातून झालेल्या आर्गॉनपैकी सुमारे ९९ टक्के उत्तेजित. थेट मूळ पातळीवर जाणारा अल्पसा वाटा केडीके नावाच्या प्रयोगाने मोजला आणि २०२३ मध्ये जाहीर केला. हा फरक परिवलनाचा, म्हणजे स्पिनचा आहे. बेरिलियमला दोन्ही पातळ्या सारख्याच सुलभ, म्हणून जिथे अधिक ऊर्जा मोकळी होते ती वाट जिंकते. पोटॅशियम-४० चे परिवलन ४, आर्गॉनच्या मूळ पातळीचे ० आणि उत्तेजित पातळीचे २. चारची उडी निसर्गाला फार महाग पडते, म्हणून ऊर्जेचा प्रचंड फायदा सोडून केंद्र दोनवर थांबते. खडकात अडकून राहिलेल्या याच आर्गॉनवरून दख्खनी लाव्ह्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे ठरले आहे.

इलेक्ट्रॉन-ग्रहणाशी गल्लत होऊ नये अशी दुसरी प्रक्रिया गोल्दान्स्की आणि नामिओत यांनी १९७६ मध्ये सुचवली. तीत मुक्त इलेक्ट्रॉन आयनाच्या रिकाम्या कक्षेत पकडला जातो आणि मोकळी झालेली ऊर्जा केंद्राला देतो. प्रोटॉन तेवढेच राहतात. अमेरिकेतील आर्गोन (Argonne) प्रयोगशाळेत मॉलिब्डेनम-९३ च्या दीर्घायुषी उत्तेजित अवस्थेवर हे घडल्याचा दावा २०१८ मध्ये झाला, संभाव्यता सुमारे एक टक्का. पुढच्याच वर्षी केलेले सैद्धांतिक गणित त्याहून सुमारे १०० कोटी पट कमी आले. चीनमधील लान्झोच्या २०२२ च्या प्रयोगात तसा संकेत दिसला नाही. त्याने घातलेली कमाल मर्यादा लाखात दोन. दोन्ही प्रयोगांतील परिस्थिती तंतोतंत एक नव्हती, हे मूळ दाव्याच्या बाजूने म्हणता येईल. पण एवढी दरी तेवढ्याने भरत नाही, आणि पार्श्वभूमीच्या गॅमा किरणांनी फसवले असावे ही टीका अधिक पटते. मॉलिब्डेनममधील हे उत्तेजन सिद्ध झाले असे आज म्हणता येत नाही.