मॅकरोनी कुणाची?

गेल्या आठवड्यात एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला : ‘मॅकरोनीचा शोध मुसलमानांनी लावला. अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ त्याच संध्याकाळी धाकटीने मॅकरोनी-चीजचा हट्ट धरला. पाणी उकळत ठेवले आणि मनात म्हटले, आधी खरेखोटे पाहू.

इटलीत पास्ता मार्को पोलोने चीनमधून आणला, अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. तो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्याच्या १४१ वर्षे आधी, ११५४ मध्ये, मुहम्मद अल-इद्रीसी या मुसलमान भूगोलतज्ज्ञाने सिसिलीचा ख्रिस्ती राजा रॉजर दुसरा याच्यासाठी जगाचे वर्णन करणारा अरबी ग्रंथ पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. तिथे पाण्यावर गिरण्या चालत, ‘इत्रिया’ भरपूर तयार होई आणि जहाजे भरभरून मुस्लिम व ख्रिस्ती मुलखांत जाई. इत्रिया म्हणजे आपल्या शेवयांचीच बहीण.

मग मेसेज खरा का? नाही. ‘इत्रिया’ हा शब्द मुळात ग्रीक. तो ज्यूंच्या जेरुसलेम तालमूदमध्येही येतो. इब्न सीना सांगतो, आमच्याकडे याला ‘रिश्ता’ म्हणतात. फारसीत रिश्ता म्हणजे धागा. म्हणजे हा धागा अनेकांनी कातला. सिसिलीच्या अरबी वारशाचे श्रेय निराळे आहे : वाळवलेल्या पास्त्याच्या मोठ्या व्यापाराची एक सर्वांत जुनी नोंद तिथली आहे.

त्या लोकांचे पुढे काय झाले, हे मात्र मेसेजमध्ये नव्हते. तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिलीतल्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे हलवले. १३०० मध्ये तीही वस्ती मोडली आणि अनेकांना गुलाम म्हणून विकले गेले. दक्षिण इटलीत हरभरे घालून केलेल्या पास्त्याला आजही ‘चिचेरी ए त्रिया’ म्हणतात. माणसे हाकलली गेली. शब्द मात्र ताटात राहिला.

चीजची गोष्टही अशीच. १३९० च्या सुमाराच्या एका इंग्रजी पाककृतिसंग्रहात लोणी-चीज घातलेली ‘मॅकरून्स’ आहेत. १७६९ मध्ये एलिझाबेथ रॅफल्ड यांनी चीजची मॅकरोनी छापली. तरी अमेरिकेत श्रेय जाते थॉमस जेफरसनला. १७८४ मध्ये पॅरिसला जाताना त्याने जेम्स हेमिंग्ज या आपल्या गुलामाला बरोबर नेले आणि फ्रेंच स्वयंपाक शिकवला. हेमिंग्ज यांना स्वातंत्र्य मिळाले १७९६ मध्ये, तेही आपल्या भावाला तो स्वयंपाक शिकवून त्याला आपल्या जागी उभे केल्यावर. भाऊ गुलामच राहिला. १८०१ मध्ये, जेमतेम छत्तिसाव्या वर्षी, हेमिंग्ज वारले. १९३७ मध्ये क्राफ्ट कंपनीचा तयार डबा बाजारात आला आणि मंदीच्या काळात तो घरोघरी पोहोचला. आता तर चुलीपुढे उभे राहिलेल्यांची आठवणही कुणाला येईना.

आपल्या घरी डब्याची गरज नाही. दोनशे ग्रॅम मॅकरोनी मिठाच्या पाण्यात उकडा. किंचित कच्चट असतानाच निथळा. दोन चमचे लोण्यावर दोन चमचे मैदा मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका. अर्धा लिटर दूध थोडे थोडे घालत ढवळा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. घट्टसर झाले की गॅस बंद करा आणि मगच दीडशे ग्रॅम किसलेले चीज घाला. उकळत्या दुधात ते चिवट होते. मीठ चाखून, मिरपूड मुलांच्या बेताने. शेवटी मॅकरोनी मिसळा.

धाकटीने दोन वाट्या संपवल्या. मेसेज मी पुढे पाठवला नाही. ग्रुपवर एवढेच लिहिले : अल-इद्रीसी आणि जेम्स हेमिंग्ज कोण होते, हे मुलांना जेवताना सांगा.