तांदळाची निवड : चव आणि इतिहास

बंगळूरच्या राजाजीनगरातील किराणा दुकानात सोना मसुरी, इडलीचा उकडा तांदूळ आणि बासमती शेजारी-शेजारी मांडलेले असतात. सी. राजगोपालाचारी यांचे नाव असलेल्या या वसाहतीत कानडी, तमिळ, तेलुगू, मराठी अशी अनेक भाषांची घरे आहेत. त्यामुळे कोणत्या पदार्थाला कोणता तांदूळ, हा येथे रोजचा प्रश्न आहे. त्याचे अर्धे उत्तर शास्त्रात मिळते आणि अर्धे इतिहासात.

प्रथम शास्त्र पाहू. तांदळाच्या पिष्टात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन हे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट. लाओसमध्ये हाताने गोळा करून खातात त्या भातात अमायलोज जवळजवळ नसते. जपानी सुशीला आखूड दाण्याचा, कमी अमायलोजचा तांदूळ लागतो. बिर्याणीला बासमती चालतो, कारण तो शिजताना लांब होतो आणि दाणे सुटे राहतात. आपल्या वरणभाताला मात्र मऊ आंबेमोहोरच शोभतो.

आता इतिहास. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश ताब्यात घेतला आणि तेथून भारतात येणारा तांदूळ बंद झाला. या टंचाईत आपण रव्याची इडली सुरू केली, असे बंगळूरचे एमटीआर उपाहारगृह सांगते. म्हणजे धान्य मिळेनासे झाले की पदार्थच बदलतो.

दुसरे उदाहरण मसुरीचे. १९५० च्या दशकात जपानी आणि भारतीय गटांतील भातांचा संकर करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प कटकच्या भात संशोधन संस्थेत चालला. त्याच प्रयत्नांतून मलेशियात 'मह्सुरी' हे वाण तयार झाले. ते भारतात आले आणि 'सोना' या वाणाशी त्याचा संकर होऊन सोना मसुरी निघाला. दक्षिणेच्या घरांत आज 'आपला' वाटणारा हा तांदूळ अशा रीतीने अनेक देशांचा वारस आहे.

महाराष्ट्रातही असेच घडले. आंबेमोहोर सुगंधी, पण उंच वाढणारा आणि कमी उत्पन्नाचा. त्याचा 'आयआर ८' शी संकर करून १९८७ मध्ये इंद्रायणी प्रसारित झाला. त्यात मऊपणा आणि वास बऱ्याच अंशी टिकला, उत्पन्न वाढले. पण मूळ आंबेमोहोराचे क्षेत्र घटत गेले.

यावरून एक निष्कर्ष निघतो. पदार्थ तांदूळ निवडतो, हे अर्धसत्य आहे. युद्ध, बाजार आणि संशोधन यांनी जे दाणे आपल्यापर्यंत पोचू दिले, त्यांतूनच आपण निवड करतो. जे वाण शेतातून गेले, त्याचा पदार्थ कालांतराने आठवणीतूनही जातो.

स्वाध्याय : घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणी कोणता तांदूळ शिजत असे ते विचारा. तो आज मिळतो का? नसल्यास कारणे नोंदवा.