गोधडी, चित्रांच्या कापडाची (भोर–वेल्हे)

गोधडी म्हणजे वापरून मऊ झालेल्या कपड्यांचे थर एकावर एक घालून हाताने धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी लहान केली की ते दुपटे. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे तालुके नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी यांच्या खोऱ्यांत, तोरणा-राजगड-रोहिड्याच्या पायथ्याशी वसलेले. मुलूख भाताचा, पाऊस धो-धो. पावसात बाहेर जाताना अंगावर घोंगडे, घरात निजायला गोधडी. शिवणकाम उन्हाळ्यात, शेतीची कामे सैल असताना.

पूर्वी मुख्य कापड नऊवारी लुगड्याचे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले, की सुमारे दोन मीटर लांब-रुंद असे दोन पट्टे होतात : एक तळाला, एक वर. मध्ये धोतर, सदरे, फाटक्या चादरी यांची भर. एका लुगड्यात गोधडीचे दोन्ही चेहरे भागत, हा हिशेब बायकांच्या हातात बसलेला होता.

नऊवारी मागे पडली तसा तो हिशेब मोडला. आता मुंबई-पुण्याला राहणाऱ्या लेकरांकडून आलेल्या गाठोड्यात मोटारींच्या चित्रांची चादर, कार्टूनचा सदरा, परदेशी अक्षरे छापलेला पडदा असे काहीही निघते. चित्रातले पात्र कोण, हे शिवणारीला ठाऊक नसते. तिला कापड ठाऊक असते. ते ती दोन बोटांत चोळून बघते. शंका आली तर कडेचा एक दोरा काढून जाळते. सुताची भुरभुरीत राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. सुती कापड धुतल्यावर आटते, पॉलिएस्टर आटत नाही. म्हणून दोन्ही शेजारी लावायची तर सुती आधी धुवून घ्यावे लागते, नाहीतर पहिल्याच धुण्यात शिवण गोळा होते. गुळगुळीत साडी सुईखाली सरकते. ती भरीत घालणे बरे.

खरी अडचण चित्राच्या दिशेची. लुगड्याच्या गोधडीला उशापायथा नसतो, कुठूनही ओढून घ्या. मोटारींची रांग किंवा अक्षरे आली की गोधडीला ‘वर’ आणि ‘खाली’ येते आणि समोरून निजणाऱ्याला सगळे उलटे दिसते. यावर साधा उपाय म्हणजे तुकडे आलटून-पालटून सुलटे-उलटे लावणे. मोठे चित्र अखंड मध्ये ठेवण्याचा मोह होतो, पण धावदोऱ्याच्या ओळी त्यावरून गेल्या की चेहरा सुरकुततो, मोटारीचे चाक ओळीपाशी आत ओढले जाते. चित्र कापून त्याच्या पट्ट्या कराव्यात आणि त्यांकडे केवळ रंग म्हणून पाहावे. मोटारींच्या चादरीतला निळा जुन्या खणाच्या हिरव्याशेजारी फार चांगला बसतो. अपवाद लहान मुलाच्या गोधडीचा. तिथे एक चित्र अखंड ठेवावेच. मूल रात्री त्याच्यावर बोट ठेवून विचारते.

बंगालचा कांथा किंवा उत्तर कन्नडमधील सिद्दींची कवंद हीही याच जातीची कामे. कांथ्यात चित्र दोऱ्यानेच काढलेले असते. इथे ते कारखान्यातून छापून येते आणि त्यावरून पुन्हा हाताचा टाका फिरतो. अशा गोधडीला नुसती ठिगळांची जोडणी म्हणणे अपुरे आहे. सगळे थर एकत्र धरून ठेवतो तो धावदोरा, आणि तो बोटभर अंतराने, जवळजवळ सारख्या टाक्यांनी घालायला अनेक दिवस लागतात.

घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर धुवायची रीत आहे. भिजलेली गोधडी पिळायला दोघी लागतात. नवे छापील कापड रंग सोडते का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून शिवण्याआधीच पाहावे. धुतलेली गोधडी खडकावर पसरताना चित्रांची बाजू खाली ठेवावी. उन्हाने छाप लवकर विटतो.